वाचक विचारतात : ईएससी खरंच गेलाय का?

मे महिन्याची सुट्टी लागली की चाकरमानी गावाला येतात, त्यांच्या बॅगेतून एखादी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, गाडी येते, ती चार दिवस खळ्यात नि पुळणीवर पळते आणि मग पावसाच्या तोंडावर माझ्याकडे पत्रं यायला लागतात. यंदा आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच वाक्य आहे, "ईएससी गेला, नवीन कुठला घेऊ?" म्हणून या वेळी फक्त ईएससीचीच पत्रं घेतली आहेत. आधीच सांगतो, यातल्या सहापैकी फक्त एकाचाच ईएससी खरोखर गेलाय असं मला वाटतं.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, ही बॅटरी, मोटर आणि रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर या तिघांच्या मधे बसलेली छोटी डबी. रिसीव्हरकडून तिला सेकंदाला साधारण पन्नास वेळा एक छोटा सिग्नल येतो, तो दीड मिलिसेकंदाचा असेल तर गाडी उभी, दोनकडे गेला तर पुढे, एककडे आला तर ब्रेक किंवा मागे. त्याप्रमाणे ती मोटरला करंट सोडते. दुसरं काम म्हणजे बॅटरीतून ५ किंवा ६ व्होल्ट काढून रिसीव्हरला आणि स्टिअरिंगच्या सर्व्होला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला, देणं, याला बीईसी म्हणतात. आणि तिसरं काम राखणदाराचं, बॅटरी फार उतरली किंवा स्वतः फार तापला की ईएससी मोटर बंद करतो. गाडी थांबली की लोक म्हणतात बिघडला, पण बऱ्याचदा तो राखणदारीच करत असतो.

आणि एक, खाली जे काही करून बघायला सांगितलंय ते सगळं गाडी खोक्यावर ठेवून, चाकं हवेत ठेवून करायचं. ब्रशलेस मोटरला (आत कार्बनचे ब्रश नसलेली, तीन वायरींची मोटर) लोड नसताना फुल थ्रॉटल, म्हणजे ट्रिगर पूर्ण ओढून, अजिबात द्यायचा नाही, टायर फुगून फाटतात आणि हात जवळ असतो.

देवगडहून, दहावीतला वाचक
दादा, माझ्या गाडीचा जुना ईएससी पावसात गेला म्हणून मामाने नवीन ६० अँपिअरचा ब्रश्ड ईएससी आणून दिला. बॅटरी जुनीच आहे, ७.२ व्होल्टची, गाडीबरोबर आलेली. पण आता गाडी तीन-चार मिनिटं चालते, मग स्पीड कमी होतो, थांबते, जरा थांबून परत दाबलं की थोडी जाते परत थांबते. स्टिअरिंग मात्र चालू असतं. दुकानवाला म्हणतो ईएससी डिफेक्टिव्ह आहे.

अरे, तू स्टिअरिंगचं लिहिलंस ते फार बरं केलंस, त्यातच अर्धं उत्तर आहे. स्टिअरिंग चालू आहे म्हणजे बीईसी ठीक, रिसीव्हर ठीक, सिग्नल ठीक. ईएससीने मुद्दाम फक्त मोटर तोडलीय. आता त्याने ती का तोडली ते बघ. तुझी बॅटरी निकेल मेटल हायड्राइडची आहे, १.२ व्होल्टचे सहा सेल, म्हणून ७.२. आणि नवीन ईएससी बहुतेक लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीच्या, मोडवर आलाय. लायपोचे दोन सेल असतील तर तो साधारण ६.४ व्होल्टच्या आसपास आल्यावर मोटर बंद करतो, कारण लायपो त्याखाली नेली की खराब होते. पण तुझी निकेलची बॅटरी जोरात करंट ओढला की भरलेली असतानाही खाली बसते, ६.४ च्या खाली गेली की ईएससीला वाटतं संपली, बंद. तू बोट काढलंस की व्होल्टेज वर येतं, परत चालते.

अशा ईएससीवर बाजूला दोन छोटे काळे जंपर असतात, पिनांवर बसवलेल्या टोप्यांसारखे. त्यातला एक बॅटरीचा प्रकार ठरवतो. बॅटरी काढून ठेव, तो जंपर नखाने किंवा चिमट्याने उचल आणि निकेलच्या जागी बसव, कुठली जागा ते डबीवर किंवा कागदावर छापलेलं असतं. एवढंच.

पण हे लक्षात ठेव, पुढे कधी लायपो घेतलीस तर आधी तो जंपर परत लायपोवर आण. उलटी चूक जास्त वाईट आहे, निकेल मोडवर लायपो चालवली तर ईएससी तिला वेळेत थांबवणार नाही, सेल ३ व्होल्टच्या खाली जातील, फुगतील, ती बॅटरी परत चार्जला लावणं धोक्याचं. आणि गाडीबरोबर आलेला भिंतीतला साधा चार्जर लायपोला कधीच लावायचा नाही, तिला प्रत्येक सेल सारखा भरणारा बॅलन्स चार्जरच लागतो, आणि चार्जिंगला लावून क्लासला जायचं नाही, घरात कुणीतरी मोठं माणूस जागेवर हवं. हे मामालाही वाचून दाखव.

वेंगुर्ल्याहून
झिलान मुंबैसून गाडी हाडली, ती फुडे बरी जाता पण मागे येवक तयार नाय. रिमोट नवीन घेतलो. एकाक दाखवलंय तर तो म्हणता ईएससी गेलो. काय करूचा?

काय करूचा नाय, बरोच आसा तो. बहुतेक ईएससीत ट्रिगर पहिल्यांदा पुढे ढकलला की ब्रेक लागतो, सोडायचा, परत ढकलला की मगच रिव्हर्स. पळत्या गाडीचे गिअर तुटू नयेत म्हणून ही सोय असते. तसंही येत नसेल तर दुसरा जंपर बघा, त्याच्यावर फक्त पुढे-ब्रेक असा मोड असतो, रेसवाल्यांसाठी, तो बदला.

आणि रिमोट नवीन घेतलात म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे ट्रिगरची मधली आणि दोन टोकांची जागा ईएससीला शिकवणं, करावंच लागेल. रिमोटवरचा थ्रॉटल ट्रिम (ट्रिगरचा मधला बिंदू थोडा सरकवायची सोय) मधोमध आणा, रिमोट चालू करा, बटण असलेला ईएससी असेल तर बटण दाबून ठेवून चालू करा, मग ट्रिगर मोकळा ठेवून एकदा बटण, पूर्ण मागे ओढून एकदा, पूर्ण पुढे ढकलून एकदा. काही ईएससीला बटणच नसतं, ट्रिगर मोकळा ठेवून चालू केलं की तोच मधला बिंदू तो स्वतः धरतो, म्हणून चालू करताना ट्रिगरला हात नको. सगळं करून गाडी उलटीच जात असेल तर रिमोटवर थ्रॉटल चॅनलचा रिव्हर्स स्विच असतो तो फिरवा आणि कॅलिब्रेशन परत करा. फुटाबाच्या रिमोटला तर हा स्विच फिरवायला बऱ्याच ईएससीच्या माहितीपत्रकात आधीच सांगितलेलं असतं.

हर्णैहून
गाडी ब्रशलेस आहे, ईएससीवर वॉटरप्रूफ लिहिलंय. होळीला मित्रांबरोबर पुळणीवर चालवली, एक-दोन लाटा अंगावर आल्या, पण गाडी चालत राहिली म्हणून घरी येऊन पुसून ठेवली. तीन आठवड्यांनी काढली तर मोटर नुसती थरथरते, पुढे जात नाही, किर्र आवाज येतो, कधी कधी धक्का दिला की पळते. व्हिडिओंमध्ये बघितलं तर कुणी म्हणतं मोटर, कुणी म्हणतं ईएससी. दोन्ही नवीन घ्यायला पैसे नाहीत.

हे पत्र वाचून मला वाईट वाटलं, कारण माझी पहिली ब्रशलेस गाडी मी अगदी अशीच घालवली आहे, आणि तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वॉटरप्रूफ म्हणजे गोडं पाणी. पाऊस, डबकं, ओढा. समुद्राच्या पाण्याचं वेगळं असतं, ते वीज चांगली वाहून नेतं आणि वाळल्यावर पाणी जातं पण मीठ तिथेच राहतं. ते मीठ आपल्याकडच्या दमट हवेतून परत ओलावा ओढतं. म्हणजे गाडी माळ्यावर कोरडी ठेवलीय असं तुम्हाला वाटतं आणि आत कनेक्टरवर रोज रात्री थोडं थोडं खारं पाणी तयार होत असतं. त्यात बॅटरी लावलेली राहिली तर विचारूच नका, व्होल्टेज आणि मीठपाणी मिळून तांबं खाऊन टाकतात, वायरचं कव्हर सोललं की आत हिरवी-काळी पूड दिसते. कोकणात लोखंडी गज, मोटरसायकलचे रिम, टीव्हीचा अँटेना कसा जातो ते आपण लहानपणापासून बघतोय, तेच इथे होतं, फक्त जागा इतकी बारीक की दिसत नाही.

आता थरथर. तुमची मोटर बिनसेन्सरची असेल तर ईएससीला रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, कुठे आहे ते दिसत नाही, मोटर फिरताना तिच्या मोकळ्या वायरवर जे उलटं व्होल्टेज तयार होतं त्यावरून तो अंदाज घेतो. मोटर उभी असताना ते व्होल्टेज नसतंच, म्हणून सुरुवातीला थोडी थरथर चांगल्या गाडीतही होते. पण तीनपैकी एका वायरची जोडणी गेली असेल तर अंदाज कायमच चुकतो, मग ती जागच्या जागी किर्र करत राहते आणि धक्का दिला की दोन वायरींवर कशीबशी पळते. तुम्ही लिहिलंय ते लक्षण हुबेहूब हेच आहे. माझा पहिला संशय मोटरवर नाही, ईएससीवरही नाही, मधल्या त्या तीन गोल सोनेरी कनेक्टरांवर.

पैसा न लागणारी परीक्षा आधी करा. मोटरच्या तिन्ही वायरी ईएससीपासून सोडवा, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) स्परपासून (तो ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरपासून) बाजूला करा. मोटरचा शाफ्ट बोटांनी फिरवा, चुंबकाचे हलके खटके लागतील ते सोडून मोकळा फिरला पाहिजे. आता कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवा आणि परत फिरवा, शाफ्ट जड झाला पाहिजे, मधात फिरवल्यासारखा. अशा तीन जोड्या होतात, तिन्ही जोड्यांना सारखाच जड हवा. एखाद्या जोडीला जड होतच नसेल तर त्यातली एक वायर आतून तुटलीय किंवा सोल्डर सुटलंय. आणि वायरी न टेकवताच जड फिरत असेल तर वाइंडिंग जळून शॉर्ट झालंय. शाफ्ट खरखर करत असेल तर बेअरिंगमध्ये वाळू आणि गंज, ते बदलता येतं, मोटर फेकायची गरज नाही.

मोटर पास झाली की ईएससीकडे या. बॅटरी लांब ठेवा. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावा. काळी सुई ईएससीच्या बॅटरीच्या लाल वायरवर आणि लाल सुई एकेक करून तिन्ही मोटर वायरींवर, प्रत्येक वेळी साधारण ०.४ ते ०.६ च्या दरम्यान आकडा आला पाहिजे आणि तिन्ही आकडे एकमेकांच्या अगदी जवळ हवेत. मग लाल सुई बॅटरीच्या काळ्या वायरवर आणि काळी सुई तिन्ही मोटर वायरींवर, परत तसंच. आतमध्ये कपॅसिटर असतो त्यामुळे आकडा सुरुवातीला सरकतो, दोन सेकंद थांबा. कुठे मीटरने शिटी मारली किंवा शून्याजवळ आकडा आला तर त्या वायरीचा मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा आतला इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट आहे, मग मात्र तो ईएससी गेला, त्याला बॅटरी लावून बघू नका. बाकी पाच जागा सारख्या आणि एकच वेगळी असेल तरी तेच समजा.

दोन्ही पास झाले तर धुवा. हो, धुवाच. बॅटरी, रिसीव्हर, सर्व्हो बाजूला काढून ईएससी आणि कनेक्टर विहिरीच्या गोड्या पाण्यात चांगले खळबळून घ्या, खारवलेली विहीर असेल तर तिचं पाणी नको, मग बॅटरीत घालायला गॅरेजला डिस्टिल्ड वॉटर मिळतं त्यात एकदा, अ‍ॅसिडचा कॅन उचलून आणू नका, विचारून घ्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, कनेक्टरच्या आत, स्विचच्या आत, फॅनच्या प्लगमध्ये. हे सगळं उघड्यावर, चूल किंवा उदबत्ती जवळ नको. दोन दिवस पंख्याखाली. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने फारसं काही होत नाही, वाहती हवा लागते. हिरवे पडलेले कनेक्टर घासत बसू नका, कापून नवीन सोल्डर करा, वायर आतपर्यंत काळी असेल तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा.

पहिल्यांदा बॅटरी लावताना माझी एक सवय सांगतो, गॅरेजवाल्यांकडची आहे. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब बॅटरीच्या लाल वायरीत मधे जोडायचा. बल्ब क्षणभर चमकून विझला तर कपॅसिटर भरला, सगळं ठीक. बल्ब तसाच पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, काढा. बल्ब नसता तर तिथे धूर निघाला असता.

यापुढे पुळणीवर न्यायचीच असेल तर ओल्या वाळूपासून लांब, आणि त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुणं, दुसऱ्या दिवशी नाही. कनेक्टरच्या बाहेरून थोडं सिलिकॉन ग्रीस. आणि अजून एक विनंती, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत आंजर्ले, वेळास, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात, पिल्लं वाळूतून वर येऊन समुद्राकडे जातात, तिथे गाडी चालवू नका. छोटी गाडी असली तरी तिच्या चाकांनी पडलेली खोल घळ पिल्लाला ओलांडायला जड जाते.

रत्नागिरीहून, एसटी वर्कशॉपमधून निवृत्त
नातवाची गाडी आम्ही सड्यावर चालवतो. दुपारी पाच मिनिटांत बंद पडते, दहा मिनिटांनी परत चालू. त्याशिवाय वळवताना जोर लागला की क्षणभर सगळंच बंद, स्टिअरिंगसकट, आणि लगेच परत चालू. एकच दोष आहे की दोन?

काका, तुम्ही वर्कशॉपमधले, तुम्ही बरोबर वेगळं काढलंत, दोष दोन आहेत.

पहिला तापण्याचा. स्टिअरिंग चालू राहून मोटर बंद होत असेल आणि थंड झाल्यावर परत येत असेल तर ईएससीने स्वतःला वाचवलंय. सडा म्हणजे खडबडीत जांभा, वर मेची दुपार, मोटरला सतत चढावर असल्यासारखं ओढावं लागतं. तुम्हाला गिअरचं सांगायला नको, डोंगरात टॉपमध्ये गाडी ओढली तर काय होतं तेच इथे. मोटरवरचा पिनियन दोन दातांनी लहान लावा, टॉप स्पीड जरा कमी होईल पण करंट आणि उष्णता दोन्ही उतरतात. मोटर ८० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. फॅन फिरतोय ना, त्याच्या पात्यांत लाल धूळ बसून तो जाम होतो, ते बघा. आणि बॅटरीचा प्लग हाताने चाचपा, पांढरा जुना प्लास्टिकचा प्लग असेल आणि तो तपकिरी पडला असेल तर उष्णता तिथेच तयार होतेय, जास्त करंट झेपणारा एक्सटी ६० प्लग घाला.

दुसरा दोष बीईसीचा. सर्व्हो दगडात अडकला की दोन-तीन अँपिअर सहज ओढतो, बीईसीला तेवढं झेपत नाही, रिसीव्हरचं व्होल्टेज पडतं आणि तो रीसेट होतो. तुम्ही सर्व्हो जास्त ताकदीचा बसवलाय का? बहुतेक बसवला असणार. वेगळा बीईसी घ्या, तो बॅटरीवरून थेट रिसीव्हरला जाईल, आणि मग ईएससीच्या तीन वायरींच्या प्लगमधली मधली लाल वायर टाचणीने काढून टेप लावून ठेवा, दोन बीईसी एकमेकांना भिडता कामा नयेत. काळी आणि पांढरी वायर मात्र राहू द्या.

अलिबागजवळून, एक आई
मुलाने खेळून झाल्यावर रिमोट बंद केला आणि गाडी आपोआप सुसाट सुटली, तुळशीवृंदावनावर आपटली. लहान मुलगी तिथेच होती. ईएससी बिघडलाय का? देऊन टाकू का गाडी?

ताई, मुलगी सुखरूप आहे ना, ते महत्त्वाचं. ईएससी बिघडलेला नाही, रिसीव्हरचं फेलसेफ चुकीचं बसलंय. रिमोटचा सिग्नल गेला की रिसीव्हरने काय करायचं ते आधी ठरवून ठेवावं लागतं, बऱ्याच रिसीव्हरमध्ये रिमोट बाइंड करताना, म्हणजे रिमोट आणि रिसीव्हरची जोडी जुळवताना, ट्रिगर ज्या जागी असतो तीच जागा तो लक्षात ठेवतो. मुलाने बाइंड करताना ट्रिगर ओढलेला असेल. ट्रिगर मोकळा ठेवून परत बाइंड करायला सांगा. मग गाडी खोक्यावर ठेवून, चाकं हवेत, हळू फिरवत असताना रिमोट बंद करायचा, चाकं थांबली पाहिजेत. थांबत नसतील तर तो रिसीव्हर बदलल्याशिवाय गाडी जमिनीवर ठेवायची नाही.

आणि क्रम, चालू करताना आधी रिमोट मग गाडी, बंद करताना आधी गाडी मग रिमोट. हे त्याच्याकडून आठवडाभर तुमच्यासमोर करून घ्या. गाडी देऊन टाकू नका, तो त्यातून बरंच शिकतोय.

दापोलीहून
घाईत प्लग सोल्डर करताना लाल-काळा उलटा झाला. बॅटरी लावली, फट् आवाज, जळका वास. दुरुस्त होईल का?

नाही होणार. बहुतेक ईएससीला उलट्या पोलॅरिटीपासून काही संरक्षण नसतं. हर्णैच्या पत्रात दिलेली मीटरची परीक्षा करून खात्री करा, पण मला शंका नाही. रिसीव्हर आणि सर्व्हो दुसऱ्या गाडीवर लावण्याआधी वेगळ्या ५ व्होल्टवर तपासून घ्या, कधी कधी तेही जातात. मोटर बहुधा वाचली असेल. बॅटरी दोन दिवस घराबाहेर जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवा, फुगली किंवा गरम लागली तर वापरू नका. जुन्या ईएससीचा फॅन, स्विच आणि जाड सिलिकॉन वायरी कापून ठेवा, हर्णैच्या मित्राला त्या वायरींची गरज पडणार आहे, पत्ता हवा असेल तर कळवा, त्यांना विचारून देतो.